गोधडीचा पंचनामा

आमच्या इमारतीत कुठेही काही पडलं, फुटलं, सांडलं किंवा जळलं, की पहिला आवाज त्या वस्तूचा येतो आणि दुसरा झिराडकरकाकांचा. "कशालाही हात लावू नका." काका राहतात तळमजल्यावर, पण हा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आरामात पोचतो. अडतीस वर्षं त्यांनी तो तळोज्याच्या कारखान्यांत, बंबांच्या घंटांवर मात करत वापरलेला आहे.

मागच्या वर्षी आमच्या स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा सुटला आणि माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर पडला. दिलीप पोहे खात होता. मी ओलं फडकं घेऊन धावले, तेवढ्यात काका दारात. "विद्या, बाजूला हो. दिलीप, हलू नका, आहे तसे बसा." खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढून त्यांनी ती दिलीपच्या डोक्यावरच्या ढेकळाशेजारी धरली, तीन बाजूंनी फोटो काढले, मग छताचा एक, पोह्यांच्या बशीचा एक. "आता डॉक्टरकडे जा," ते म्हणाले. "पण डोकं धुऊ नका. त्यांनाही बघू दे." दिलीप तसाच पोह्यांसकट दवाखान्यात गेला. परत आल्यावर तो माझ्याशी बोलला नाही. काकांशी बोलला, कारण फोटो छान आले होते.

काकांचं पूर्ण नाव हस्केल बेंजामिन झिराडकर. मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. अडतीस वर्षं विम्याच्या नुकसानीची पाहणी करायची, म्हणजे सर्व्हेअरची नोकरी केली. कुठे आग लागली, कुठे भिंत पडली, कुठे गोदामात पाणी शिरलं, की काकांनी जायचं आणि काय गेलं, कशाने गेलं, किती गेलं ते लिहायचं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. फ्लोराकाकू सात वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी इस्रायलला असते, अश्दोदला. तिचा दर रविवारी फोन येतो. ती विचारते, तब्येत कशी आहे? काका तिला विचारतात, गॅसची नळी बदललीस का?

माणूस नोकरीतून निवृत्त होतो, पण नोकरी माणसातून होत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये काका वधूवरांकडे नंतर बघतात, आधी बाहेर पडायचे दरवाजे मोजतात. मग आग विझवायच्या नळकांड्याजवळची खुर्ची धरतात आणि त्याच्यावरची मुदत वाचून दाखवतात. आमच्या सोसायटीच्या गणपतीत त्यांनी एकदा आरतीच्या मधोमध मखरापासून समई दीड फूट मागे सरकवली. भटजी काही बोलले नाहीत. भटजींच्या उपरण्याला आधीच्या वर्षी भोक पडलेलं होतं.

घसारा हा त्यांचा दुसरा आवडता शब्द. वस्तू वापरली की दरवर्षी तिची किंमत थोडी घसरते, तो घसारा. माझा मिक्सर जळला तेव्हा मी हळहळत होते. काकांनी विचारलं, किती वर्षं झाली? म्हटलं, नऊ. "मग दहा टक्केच वाईट वाटून घ्यायचं," ते म्हणाले. "नव्वद टक्के वापरून झालाय." मी नंतर हा हिशेब माझ्या वहिनीच्या बाबतीतही लावून पाहिला आणि मला बराच आराम पडला.

पण या माणसाची चेष्टा करावी तेवढी थोडी असली तरी खांदा कॉलनीपासून विचुंब्यापर्यंत ज्याच्या घरात किंवा दुकानात काही बिघडलं, तो शेवटी काकांकडेच येतो. काका विम्याचे कागद भरून देतात. पैसे घेत नाहीत. बिनसाखरेचा चहा घेतात. अट एकच, खोटं एक अक्षर लिहिणार नाहीत. एकदा एक गृहस्थ आले, त्यांचा टीव्ही शॉर्टसर्किटने जळला होता. म्हणाले, काका, जाता जाता फ्रिजही लिहून टाका.

"फ्रिज जळला?"

"नाही हो. पण जुना झालाय फार."

"मग हे विमा कंपनीला कशाला सांगता? फ्रिजवाल्याला सांगा."

ते गृहस्थ उठून गेले आणि अर्ध्या तासाने फक्त टीव्हीचे कागद घेऊन परत आले. सगळेच परत येतात. काकांनी भरलेला अर्ज सहसा अडत नाही, हे गावाला ठाऊक आहे.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण पुढचा गोंधळ मी घातला आहे. नवीन पनवेलमध्ये माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. मागे दोन शिलाई मशिनं, दोन बायका शिवायला, पुढे काउंटर. चार शाळांचे गणवेश आमच्याकडून जातात आणि त्यातली एक शाळा एवढी मोठी आहे की निम्मं दुकान तिच्यावरच चालतं. वर्षभराचं काम जूनमध्ये होतं. त्यासाठी माल एप्रिलपासून भरावा लागतो.

काका अधूनमधून दुकानात डोकावायचे आणि सांगायचे, माल जमिनीवर ठेवू नकोस, पाणी विचारून येत नाही. म्हणून मी सगळे गठ्ठे फळ्यांवर चढवून ठेवले होते. पाणी वरून आलं.

आमच्या वर दातांचा दवाखाना आहे. एप्रिलमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर तिथल्या बेसिनमागचा पाइप तुटला आणि रात्रभर पाणी आमच्या छतातून झिरपत राहिलं. शनिवारी सकाळी शटर वर केलं तर घोटाभर पाणी. ते एक वेळ चाललं असतं. पण मोठ्या शाळेचा फ्रॉक लाल चौकड्याचा आणि शर्ट पांढरा. वरच्या फळीवर फ्रॉक, खालच्या फळीवर शर्ट, ही माझीच रचना. लाल रंग सुटून खाली उतरला होता. दोनशेच्या वर शर्ट गुलाबी झाले होते, तेही एकसारखे नाही, ढगाढगांनी.

मी तिथेच पायरीवर बसले. शाळेचा नियम असा की मेअखेरीला तयार माल दाखवायचा, नाही तर काम दुसऱ्याला. नवीन कापड सोलापूरहून मागवायचं तर विम्याचे पैसे हातात यायला हवेत, आणि तेही वेळेत. नाही आले तर शाळा गेली, शाळा गेली तर निम्मं दुकान गेलं, आणि निम्म्या दुकानात दोन शिलाईवाल्या बायका आणि मी मावत नाही. हे एवढं गणित मला ओल्या पायरीवर बसून पाच मिनिटांत सुटलं.

विमा कंपनीला फोन केला. तिकडून सांगितलं, सोमवारी सर्व्हेअर येतील. मग मी रिक्षा करून घरी आले आणि काकांचं दार वाजवलं. काका नुकतेच सिनेगॉगमधून आले होते. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी.

"काका, दुकानात पाणी शिरलं."

"कोणाला लागलं?"

मी चमकले. पंधरा वर्षांत या माणसाने एखाद्या अपघातात माणसाबद्दल पहिला प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता.

"नाही, कोणाला नाही."

"शॉक वगैरे?"

"नाही. पण माल सगळा..."

"मग उद्या," काका म्हणाले आणि त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

काका शनिवार पाळतात हे मला माहीत होतं. त्या दिवशी ते पेन धरत नाहीत, फोन घेत नाहीत, दिव्याचं बटण दाबत नाहीत. पण तोंडही बंद असतं हे माहीत नव्हतं. नंतर त्यांनी समजावून सांगितलं, की जीव जात असेल तर शनिवारी काहीही बोलता येतं, करता येतं. माल जात असेल तर नाही. त्या वेळी मात्र मला एवढंच दिसलं की कुठल्या कोपऱ्यात कोणाचा टीव्ही जळला तरी धावणारा माणूस माझ्या तोंडावर दार लावतो आहे.

आणि मला राग आला की मी आवरते. हा माझा स्वभाव आहे. दिलीपशी भांडण झालं की आमच्या घरातले डबे चकचकीत होतात. त्या रागात मी दुकानावर परत गेले. शिवाय सोमवारी साहेब येणार. पाहुणा येणार म्हटल्यावर घर झाडून-पुसून लख्ख करायचं, एवढंच मला आईने शिकवलेलं. दोन्ही बायकांना घेतलं, पाणी उपसलं, फरशी फिनेलने पुसली. भिजलेली खोकी भंगारवाल्याला दिली. गुलाबी शर्टांचं काय करायचं? विचुंब्याच्या पार्वतीबाई दर महिन्याला कात्रणं न्यायला येतात, गोधड्या शिवतात. त्यांना निरोप धाडला. त्या टेम्पो घेऊनच आल्या.

दुपारी दिलीपला माझी दया आली. वीस वर्षांत या माणसाने घरात एक खिळा ठोकलेला नाही. त्या दिवशी तो उरलेल्या रंगाचा डबा आणि शिडी घेऊन आला आणि छतावरचे सगळे डाग रंगवून टाकले. छान रंगवले. संध्याकाळी मी उदबत्ती लावली आणि उंबऱ्यापाशी रांगोळी काढली.

रविवारी सकाळी सात वाजता काका आमच्या दारात उभे. हातात त्यांची जुनी चामड्याची बॅग. "चल," म्हणाले. दुकानात शिरले आणि मधोमध थांबले. फरशीकडे पाहिलं. फळ्यांकडे पाहिलं. छताकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग स्टुलावर बसले.

"विद्या, इथे काय झालं होतं?"

"पाणी शिरलं होतं."

"कुठे?"

मी छताकडे बोट दाखवलं.

"हा रंग कोणी दिला?"

"दिलीपने."

"चांगला हात आहे त्यांचा," काका म्हणाले. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. "अडतीस वर्षांत मी पुष्कळ नुकसानी पाहिल्या. पण इतकी स्वच्छ नुकसानी नाही पाहिली. उद्या जो येईल त्याला तू काय दाखवणार? रांगोळी?"

मग त्यांनी सांगितलं की सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेली चिंधीसुद्धा हलवायची नसते. तोच पुरावा. तो नसेल तर अर्जावर 'नुकसान आढळले नाही' असा शेरा बसतो, आणि खरं बोलणाऱ्यालाही तो बसतो. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. शनिवारी माल गेला होता. आता दुकान जात होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने, फिनेल लावून घालवलं होतं.

"शर्ट कुठे आहेत?"

"विचुंब्याला. पार्वतीबाईंकडे."

"शिवले असतील?"

"एका दिवसात काय शिवणार?"

पार्वतीबाईंच्या घरी तीन सुना आहेत. आम्ही पोचलो तेव्हा एक गोधडी पुरी होऊन दोरीवर वाळत होती, दुसरी निम्मी झाली होती आणि उरलेले शर्ट फाडून अंगणात थप्प्या लागल्या होत्या. मी सगळं सांगितलं. पार्वतीबाईंनी ओटीवरून हलायची तयारी दाखवली नाही.

"आमी नाय देनार. दिलेली चीज परत मागतान काय कोन?"

"परत नको," काका म्हणाले. "फक्त मोजू दे."

आणि त्यांनी बॅगेतून टेप काढली. इथे एक सांगायला हवं. विचुंब्याच्या बाजूला गेली काही वर्षं टेप घेऊन जो माणूस येतो तो एक तर रस्त्यासाठी येतो नाही तर बिल्डरचा असतो. काकांनी गोधडीची लांबी मोजायला टेप लावली आणि दहा मिनिटांत अंगणात वीसेक माणसं जमली. एक म्हातारे काठी आपटत पुढे आले. "कोनच्या बाजूनं घेतान? आमची इहीर जाते काय?" काकांनी त्यांना शांतपणे सांगितलं की विहीर कुठे जात नाही, गोधडी मोजतो आहे. हे कोणाला पटलं नाही. सरकार गोधडीपासून सुरुवात करतं आणि मग विहिरीवर येतं, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं.

गोधडी मोजून काही निघेना. एका गोधडीत किती शर्ट गेले हे टेपने कसं सांगणार? काका कोड्यात पडून उभे राहिले. तेवढ्यात पार्वतीबाईच म्हणाल्या, "अवो, कालर मोजा ना. कालर कुटं जाते गोधडीत? टोचते ती." गोधडीला सपाट कापड लागतं. कॉलर, कफ, बटणपट्ट्या सगळं त्या आधीच कापून टाकतात. चुलीत घालायला म्हणून कॉलरींचा ढीग न्हाणीच्या मागे पडला होता. गुलाबी, ओला, आणि प्रत्येक कॉलरीत माझ्या दुकानाची पट्टी शिवलेली, खाली साइझ.

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. बादली उलटी घालून ते तिच्यावर बसले आणि कॉलरी मोजायला लागले. दहा-दहाच्या थप्प्या, प्रत्येक थप्पीशेजारी सहा इंची पट्टी, प्रत्येकीचा फोटो. पार्वतीबाई मोजून द्यायच्या, काका लिहून घ्यायचे. एकदा काकांनी एकशे चाळीस म्हटलं आणि पार्वतीबाईंनी एकशे एकोणचाळीस म्हटलं. सगळ्या परत मोजल्या. पार्वतीबाईंचं बरोबर होतं. "तुमी नोकरीला पायजे होतात," काका चक्क त्यांच्या बोलीत म्हणाले. शेवटी दोनशे अठरा कॉलरी भरल्या. दवाखान्यातल्या कचऱ्यात पाइपाचा तुटका तुकडा मिळाला, भंगारवाल्याकडे माझी खोकी अजून ओलीच होती. संध्याकाळपर्यंत एक फाइल तयार झाली.

सोमवारी सर्व्हेअर आली. आली म्हणते, कारण ती साळुंखे नावाची तिशीतली मुलगी होती. काकांनी दारातच तिला "या मॅडम" म्हटलं आणि माझ्याकडे वळून "विमाधारक आपणच ना?" असं विचारलं. पंधरा वर्षं "विद्या, चहा टाक" म्हणणारा माणूस. मीही "हो साहेब" म्हणून टाकलं.

"आपली टेप?" काकांनी तिला विचारलं.

"लेझर आहे सर," तिने पेनाएवढं यंत्र दाखवलं, भिंतीवर लाल ठिपका पाडला आणि दोन मिनिटांत दुकान मोजून टाकलं. काकांनी आपली टेप बॅगेत ठेवली. मला त्यांचं वाईट वाटलं, दहा टक्क्यांहून बरंच जास्त.

पण मुलगी शहाणी होती. काकांची फाइल तिने पहिल्या पानापासून वाचली. मग काकांना स्कूटरवर मागे बसवून ती विचुंब्याला गेली, कॉलरी पाहिल्या, गोधडी उलटसुलट केली. परत आल्यावर म्हणाली, "नुकसान झालंय यात शंका नाही. पण तपासणीआधी माल हलवला, हे मला लिहावंच लागेल. वरच्या ऑफिसात सगळं त्याच एका वाक्यावर अडेल. का हलवला, ते लिहून द्या. जेवढं खरं असेल तेवढं."

मी लिहिलं, पाहुणे येणार म्हणून दुकान आवरले, नियम माहीत नव्हता. दोन ओळी. काकांनी त्या वाचल्या.

"खोटं नाही," ते म्हणाले. "पण पुरं नाही. मीही देतो माझा जबाब."

तो जबाब लिहायला त्यांनी तीन दिवस घेतले. एरवी हा माणूस अख्ख्या कारखान्याची आग एका दिवसात लिहायचा. चौथ्या दिवशी पाकीट चिकटवून त्यांनी ते स्वतः साळुंखेबाईंना नेऊन दिलं. मी विचारलं, काय लिहिलंत? "जे होतं ते." बस्स. आता मला दुसरीच धास्ती लागली. खोटं एक अक्षर न लिहिणारा माणूस. मी रागाच्या भरात आवरलं हे त्याला मीच सांगून बसले होते. 'विमाधारकाने रागाने पुरावा नष्ट केला' असं लिहिलं असेल तर? विचारायची हिंमत झाली नाही. काका मात्र रोज नऊ वाजता दुकानात यायचे, रिकाम्या फळ्यांसमोर स्टुलावर बसून पेपर वाचायचे, बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि अकराला जायचे. शाळेतून दोनदा फोन आला. दोन्हीदा मी "होतंय" म्हटलं. शिलाईवाल्या बायका माझ्याकडे बघायच्या नाहीत, मीही त्यांच्याकडे बघायची नाही.

मेच्या मध्याला मंजुरी आली. गोधड्यांचं कापड वाचलेला माल म्हणून त्याची किंमत वजा केली होती. काकांनी पत्र वाचून मान हलवली. "बरोबर आहे. मीही कापली असती." पुढच्या आठवड्यात सोलापूरचे गठ्ठे आले, मशिनं सुरू झाली, आणि मेच्या शेवटच्या दिवशी शाळेच्या बाईंनी येऊन माल पाहिला. मी त्या रात्री खूप दिवसांनी जेवले.

सगळं संपल्यावर मी कंपनीकडे अहवालाची प्रत मागितली. म्हटलं, बघू तर खरं काय लिहिलं होतं या म्हाताऱ्याने माझ्याबद्दल. जूनमधल्या एका शुक्रवारी, दुकानात पालकांची झुंबड उडालेली असताना, पाकीट आलं. शेवटच्या पानांत काकांचा जबाब होता, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात.

'मी, हस्केल बेंजामिन झिराडकर, निवृत्त सर्व्हेअर, लिहून देतो की,

१. विमाधारक शनिवारी सकाळी सव्वाअकरा वाजता सल्ला विचारण्यासाठी माझ्या दारी आल्या होत्या. माल तोवर जागेवर होता.

२. माल हलवू नका, हे तीन शब्द मी बोललो असतो तर पुढचे काही घडले नसते. मी बोललो नाही.

३. न बोलण्याचे कारण, मी शनिवार पाळतो. त्या दिवशी व्यवहाराचे बोलत नाही.

४. शनिवार पाळण्याचे कारण, नोकरीत असताना मी तो पाळला नाही. आग वार बघून लागत नाही, असे मी घरी सांगत असे. माझी पत्नी फ्लोरा दर शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी दिवा लावून एकटी माझी वाट पाहत बसे. अडतीस वर्षांत त्या वेळी मी किती वेळा घरी होतो हे मोजून पाहिले. सांगण्यासारखा आकडा नाही.

५. ती गेल्यापासून पाळतो. त्याचा तिला उपयोग नाही, याची मला कल्पना आहे.

६. सबब या चुकीत विमाधारकाचा दोष नाही. दोष माझा असून तो जुना आहे.'

खाली सही, आणि सहीखाली तारीख.

समोर एक बाई अठ्ठावीस नंबरचा फ्रॉक मागत होत्या. मला तो सापडेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना, म्हणून मी मागे मशिनांपाशी जाऊन बसले. मला स्वतःची लाज वाटत होती. एवढे दिवस मी या माणसाच्या पाकिटाला घाबरले होते. आणि दुसरीही एक गोष्ट होती, ती मला त्या चौथ्या कलमाशी येताच कळली होती.

भर जूनमध्ये त्या दिवशी मी दुकान सहालाच बायकांवर सोपवलं आणि घरी आले. काकांचं दार उघडंच होतं. पांढरा शर्ट घालून ते टेबलावरच्या दिव्यात तेल घालत होते. शेजारी मनुकांच्या सरबताचा एक ग्लास.

"काही काम होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बस."

त्यांनी दिवा लावला, हिब्रूत प्रार्थना म्हटली. मला त्यातलं काही कळत नाही. संपल्यावर त्यांनी आतून दुसरा ग्लास आणून सरबत दोघांत वाटलं. मी बराच वेळ धीर गोळा करत होते.

"काका, तुमच्या जबाबात एक चूक आहे."

त्यांचा हात थांबला. "कुठली?"

"चौथं कलम. काकू एकट्या नसायच्या. आम्ही इथे राहायला आल्यापासून तुम्ही निवृत्त होईपर्यंत, आणि नंतरही तुम्ही लोकांचे कागद भरायला फिरत होतात तेव्हा, मी असायचे इथे. दुकान बंद केलं की शुक्रवारी आधी खाली यायचे आणि मग वर जायचे."

"दर शुक्रवारी?"

"दर नाही. पण पुष्कळदा. त्या सरबत द्यायच्या. तुमचा ग्लास बशी घालून झाकून ठेवायच्या, त्याला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत."

हे मी त्यांना सात वर्षांत सांगितलं नव्हतं. काकू गेल्या आणि मी शुक्रवारी खाली यायची थांबले. का थांबले ते मला सांगता येत नाही. काकूंच्या जागी काकांना दिवा लावताना बघवलं नसतं, एवढंच असेल.

काका दिव्याकडे बघत होते. "चिडलेली असायची?"

"हसायच्या. म्हणायच्या, हे घरी असते तर दिव्यापासून पडदा किती इंचांवर आहे ते मोजत बसले असते. मी एकदा विचारलं होतं त्यांना, तुम्हाला राग नाही येत? तर म्हणाल्या, लोकांची घरं जळतात तेव्हा हे तिथे असतात. तिथे कुणीतरी खरं लिहिणारं असायलाच हवं ना."

बाहेर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडं पडलं, मोठ्यांदा. ते जागचे हलले नाहीत.

"परत सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग. आज मला लिहून घेता येत नाही."

मी परत सांगितलं.